नियम बदलला, मग माझ्या फितीचं काय? : वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरं

यावेळी पत्रांचा गठ्ठा जवळजवळ सगळा पोलीस लाइनमधूनच आलाय. सातबारा, वाटणी, पीक विमा विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं, कारण शिपायापासून फौजदारापर्यंत सगळ्यांचा सूर एकच आहे, प्रमोशनचा नियम मधेच बदलला आणि माझी पाळी गेली. नावगाव छापत नाही, नोकरीतल्या माणसाचं नाव इथं छापून आलं तर माझ्या उत्तराआधी त्याला खात्याची नोटीस पोचेल. पत्रं लांब होती ती कापली, बोली तशीच ठेवली.

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. मी ९६ सालचा भरती हाये. आमच्याकडे २०२१ मधे एएसआयच्या (सहायक फौजदाराच्या) जागा रिकाम्या झाल्या तवा मी यादीत वर होतो पण प्रमोशनची कमिटीच बसली नाई, आज घेऊ उद्या घेऊ करत वर्ष गेलं. मंग २०२२ ले नाईकचं (शिपाई अन् हवालदाराच्या मधलं) पदच काढून टाकलं, नवा फेरबदल आला, अन् माह्या मागचे पोट्टे माह्या बरोबरीले येऊन बसले. जागा जुन्या नियमातली हाये त ते जुन्या नियमानंच भरली पाह्यजे का नाई? आमचा एक दोस्त म्हणते सुप्रीम कोर्टाचा तसा निकालच हाये, व्हॉट्सॲपवर आला होता. (वऱ्हाडातला एक हवालदार)

उत्तर : दादा, दोस्ताचं अर्धं खरं आहे. तसा निकाल होता. वाय. व्ही. रंगय्या विरुद्ध जे. श्रीनिवास राव, १९८३ चा, आंध्र प्रदेशातला, सब-रजिस्ट्रारच्या प्रमोशनचा. तिथं नियमातच लिहिलेलं होतं की दरवर्षी सप्टेंबरात पात्र लोकांची यादी करायची, सरकारनं १९७६ ची यादी वेळेवर केली नाही आणि १९७७ मधे नियमच बदलून टाकला, तेव्हा कोर्ट म्हणालं की बदलाआधी रिकाम्या झालेल्या जागा जुन्या नियमानंच भरा. पुढं जवळपास चाळीस वर्षं प्रत्येक कर्मचारी वकिलाच्या पिशवीत हा निकाल असायचा. पण २० मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध राज कुमार या केसमधे तो बाजूला सारला. जागा ज्या दिवशी रिकामी झाली त्या दिवशीचाच नियम लागू होतो असा कुठलाही सरसकट कायदा नाही, कर्मचाऱ्याचा हक्क एवढाच की त्याचा विचार होताना जो नियम चालू आहे त्या नियमानं विचार व्हावा, असं कोर्टानं स्पष्ट सांगितलं. तुमच्या व्हॉट्सॲपवर फिरतोय तो निकाल म्हणजे मेलेलं घोडं आहे, त्याच्यावर बसून नागपूरला पोचता येणार नाही.

म्हणजे तुमची जागा २०२१ ची असली तरी कमिटी ज्या दिवशी बसली त्या दिवशी कोणता नियम चालू होता ते पाहतील. कमिटी मुद्दाम लांबवली असं तुम्हाला वाटतं, मलाही कित्येकदा तसंच वाटतं, पण वाटणं वेगळं आणि कागदावर दाखवणं वेगळं. कुणा एकाला आत घ्यायचं म्हणून बैठक पुढं ढकलली असा कागद हाती असेल तर तो वेगळा, दुर्हेतूचा मुद्दा होतो, तो जरूर मांडा. नुसती ढिलाई असेल तर त्यातून हक्क निघत नाही. एक गोष्ट मात्र आधी तपासा, नव्या नियमाच्या शेवटी ‘यापूर्वी सुरू झालेल्या प्रक्रियेस हा नियम लागू होणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य आहे का. असेल तर सगळा खेळ फिरतो. लोक पहिलं पान वाचतात आणि शेवटचं सोडतात.

आता बरोबरीला बसलेल्या पोरांचं. यात दोन गोष्टी आहेत आणि पत्रात तुम्ही त्या एकात मिसळल्या. खालचं एखादं पद रद्द झालं, दोन पदं एकत्र झाली, त्यामुळं तुमच्या पुढची रांग लांबली किंवा मागची रांग जवळ आली, याला कोर्ट ‘प्रमोशनची संधी कमी होणं’ म्हणतं आणि संधी कमी झाली म्हणून नियम रद्द होत नाही. मोहम्मद शुजात अली केसमधे १९७४ ला हे ठरलं, आपल्याच राज्याच्या चंद्रकांत अनंत कुलकर्णी केसमधे १९८१ ला परत तेच. प्रमोशनसाठी विचार होणं हा मूलभूत हक्क आहे, प्रमोशन मिळणं हा नाही, अजितसिंग केसमधे १९९९ ला घटनापीठानं हे सांगितलंय. पण दुसरी गोष्ट, एकत्र केलेल्या सेवाज्येष्ठता यादीत तुमच्यानंतर लागलेला माणूस तुमच्या वरती लिहिला गेला असेल तर ते संधी कमी होणं नाही, ती ज्येष्ठता हिसकणं आहे. बरोबरीला आला, सोडा. वर गेला, भांडा. तात्पुरती यादी निघते तेव्हा हरकतीला ठरावीक दिवस देतात, तेव्हा ठाण्यात बंदोबस्त असतो, कुणाला रजा मिळत नाही, आणि मग अंतिम यादी लागल्यावर सगळे माझ्याकडे येतात. हरकत एका ओळीची असली तरी चालेल, पण त्या मुदतीत द्या आणि आवक क्रमांक घ्या.

अजून एक, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कामाचं. हा फेरबदल कशानं झाला ते पाहा. पदभरतीचे आणि प्रमोशनचे सेवाप्रवेश नियम राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०९ खाली राजपत्रात छापतात. जीआर म्हणजे शासन निर्णय हा खालच्या दर्जाचा कागद, आणि परिपत्रक त्याच्याही खालचं. जीआरनं नियमातली रिकामी जागा भरता येते, नियम मात्र खोडता येत नाही. गंमत म्हणजे हे तत्त्व ज्या केसमधून आलं ती पोलीस अधिकाऱ्याचीच होती, संतराम शर्मा विरुद्ध राजस्थान सरकार, १९६७, आयपीएस अधिकारी होते, ज्येष्ठतेवर वरचं पद मागत होते, हरले. त्यांच्याच केसचं हे वाक्य आज कितीतरी हवालदारांना उपयोगी पडतं. तेव्हा माहिती अधिकारात दोन कागद मागा, चालू सेवाप्रवेश नियम आणि ज्या शासन निर्णयानं बदल केला तो. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, एकमेकांना काटत असतील तर तुमची केस तिथं आहे, २०२१ च्या रिकाम्या जागेत नाही.

नियम मागच्या तारखेपासून लावला असेल, म्हणजे कालपर्यंत पात्र असलेल्याला आज मागच्या तारखेनं अपात्र ठरवलं असेल, तर टी. आर. कपूर विरुद्ध हरियाणा, १९८६, बघा. तिथं इंजिनिअरना मागच्या तारखेनं पदवीची अट लावली होती, कोर्टानं उडवली. पुढच्या तारखेनं तीच अट लावली असती तर बहुधा टिकली असती.

प्रश्न : सर मी शिपाई आहे, खात्याची परीक्षा देऊन पीएसआय (फौजदार) होयाचं म्हणून दोन वर्षं रात्रपाळी करून अभ्यास केला. लेखी झाली, ग्राउंड झालं, आता शेवटी म्हणतात की शेवटच्या टप्प्यात कमीत कमी इतके मार्क लागतीन, जाहिरातीत हे काहीच नव्हतं. आम्ही चार जण यातच बाहेर पडतो. असं चालते का? (एक शिपाई, पूर्व विदर्भ)

उत्तर : नाही चालत, आणि तुझी बाजू वरच्या हवालदारदादांपेक्षा पुष्कळ मजबूत आहे. हा फरक नीट समजून घे, कारण दोघांचीही तक्रार ‘नियम मधेच बदलला’ हीच आहे. त्यांची प्रमोशनची प्रक्रिया सुरूच झाली नव्हती, तुझी सुरू होऊन अर्ध्याच्या वर गेली आहे.

के. मंजुश्री विरुद्ध आंध्र प्रदेश, २००८, जिल्हा न्यायाधीशांची भरती होती, मुलाखती उरकल्यावर मुलाखतीत किमान मार्कांची अट घातली, सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. मधे काही वर्षं या निकालावर शंका घेतल्या गेल्या, मग ७ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तेज प्रकाश पाठक विरुद्ध राजस्थान हायकोर्ट या केसमधे मंजुश्री बरोबरच आहे असं ठरवलं. ती भरती अनुवादकांची होती, परीक्षेनंतर ७५ टक्क्यांची अट आणली होती. घटनापीठ म्हणतं की भरती जाहिरातीपासून सुरू होते आणि जागा भरल्या की संपते, त्याच्या मधे पात्रतेचे नियम बदलायचे नाहीत, नियमात किंवा जाहिरातीत तशी मोकळीक ठेवली असेल तरच. टप्प्याटप्प्याचे किमान मार्क ठरवता येतात, पण तो टप्पा यायच्या आधी ठरवून सांगावे लागतात. म्हणून तू आधी जाहिरातीची मूळ पीडीएफ आणि त्यानंतरची सगळी शुद्धिपत्रकं डाउनलोड करून ठेव. त्यात ‘आयोगास निकष ठरविण्याचा अधिकार राहील’ असं कुठं असलं तर समोरचा वकील तेच वाक्य घेऊन उभा राहणार. आणि अट जाहीर झाली ती तारीख आणि तुझा तो टप्पा झाला ती तारीख, एवढ्या दोनच तारखांवर बहुतेक निकाल लागतो.

एक सावधगिरी सांगतो. निवड यादीत नाव लागलं म्हणजे स्टार लागला असं समजू नकोस. शंकरसन दाश विरुद्ध भारत सरकार, १९९१, हाही पोलिसातलाच माणूस, आयपीएसची रिकामी जागा मागत होता, घटनापीठ म्हणालं यादीतल्या नावानं नेमणुकीचा पक्का हक्क येत नाही, फक्त सरकारनं मनमानी करू नये एवढंच. आपल्या राज्यात तर याहून वाईट झालंय. २०१६ च्या मर्यादित विभागीय परीक्षेतून निवडलेले १५४ फौजदार, मागासवर्गीय प्रवर्गातले, नाशिकच्या पोलीस अकादमीत ट्रेनिंग पूर्ण केलं, ऑक्टोबर २०१८ मधे दीक्षांत संचलन झालं, घरचे पोराच्या खांद्यावरचे दोन स्टार पाहायला आलेले, आणि लगेच मॅटच्या, म्हणजे राज्य कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, आदेशावरून त्यांना मूळ पदावर परत पाठवण्याचा कागद निघाला. वाद परीक्षेचा नव्हता, प्रमोशनमधल्या आरक्षणाचा होता. राज्यभर आरडाओरड झाली, मुख्यमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं. त्या पोरांनी काय चूक केली होती? काहीच नाही. म्हणून म्हणतो, निकालाची वाट पाहत बसू नकोस, अट कळली त्या महिन्यातच हालचाल कर.

प्रश्न : त्या १५४ जणांवरून विचारते. पदोन्नतीतलं आरक्षण बंद झालं का चालू आहे? घरी रोज भांडण होते, मिस्टर एक सांगतात, भाऊ दुसरं सांगते, दोघंही खात्यातच. (एक महिला पोलीस अंमलदार)

उत्तर : ताई, दोघांनाही हा अंक वाचायला द्या, पण जेवण झाल्यावर. राज्याचा आरक्षण कायदा २००१ चा, अमलात आला जानेवारी २००४ मधे, आणि २५ मे २००४ च्या जीआरनं प्रमोशनमधेही ३३ टक्के आरक्षण दिलं. तो जीआर आधी मॅटनं आणि मग ४ ऑगस्ट २०१७ ला मुंबई हायकोर्टानं विजय घोगरे केसमधे रद्द केला. मुख्य कारण २००६ चा एम. नागराज निकाल, म्हणजे प्रमोशनमधे आरक्षण देता येतं, पण प्रतिनिधित्व अपुरं आहे याची आकडेवारी सरकारनं आधी गोळा करायची. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. २०१८ च्या जर्नैलसिंग निकालानं एससी-एसटीचा मागासलेपणा आकड्यांनी पुन्हा सिद्ध करायची गरज काढून टाकली, पण अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी मात्र ठेवली, आणि जानेवारी २०२२ मधे त्याच केसमधे सांगितलं की ती आकडेवारी संवर्गनिहाय हवी, सगळ्या खात्याची एकत्र चालणार नाही.

इकडे राज्यात २९ डिसेंबर २०१७ च्या पत्रानं खुल्या प्रवर्गातल्या जागा भरायला सुरुवात केली, मग २० एप्रिल २०२१ ला एक जीआर आणि तीनच आठवड्यांत ७ मे २०२१ ला दुसरा, की प्रमोशनच्या सगळ्या जागा २५ मे २००४ च्या सेवाज्येष्ठतेवर भरा. नागपूरचे नितीन राऊत तेव्हा मंत्री होते, सरकारात बसून त्यांनी याला जाहीर विरोध केला होता, आठवत असेल. मिस्टर बहुतेक ७ मेचा जीआर सांगत असतील आणि भाऊ राज्यघटनेचं १६(४-अ) कलम, म्हणजे प्रमोशनमधे आरक्षणाची मुभा देणारं, सांगत असेल. कलम जिवंत आहे, त्याच्यावर उभा केलेला राज्याचा जीआर हायकोर्टानं पाडला, दोघं वेगवेगळ्या मजल्यावरचं बोलताहेत. माझं मत विचाराल तर खरा दोष आकडेवारी वेळेवर गोळा न करण्यात आहे, २००६ नंतर सरकारं आली गेली, हे काम कुणीच धड केलं नाही आणि भुर्दंड दोन्हीकडच्या अंमलदारांनी भरला.

तुमचं प्रमोशन ज्या आदेशानं झालं त्यात ‘न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन राहून’ हे वाक्य असेलच. घाबरू नका, तो शिक्का हल्ली प्रत्येक आदेशावर असतो.

प्रश्न : माझे मालक गडचिरोलीले सी-६० (पोलिसांचं नक्षलविरोधी पथक) मधे होते. चकमकीतल्या कामगिरीबद्दल त्यांना वेगवर्धित पदोन्नती भेटली. आता बदली होऊन बाहेर आले त कार्यालयातले लोक म्हणतात तुमची सिनियारिटी आमी मानत नाई, अन् एकस्तरचा पगारही बंद झाला, वरून जास्तीचे दिलेले पैसे कापू म्हणतात. जंगलात जीव धोक्यात घालाचा यायनं अन् सिनियारिटी मोजाची त्यायनं? (झाडीपट्टीतली एक वाचक)

उत्तर : तुमचा राग मला समजतो, पण तीन वेगळे विषय आहेत, तिघांचं उत्तर वेगळं येतं.

एकस्तर म्हणजे ६ ऑगस्ट २००२ च्या जीआरची सवलत, नक्षलग्रस्त आणि आदिवासी भागात काम करेपर्यंत वरच्या पदाची वेतनश्रेणी. ते प्रमोशन नव्हतंच, भागातून बाहेर पडलं की ती थांबते. त्याच्यावर भांडण करू नका.

वेगवर्धित पदोन्नती मात्र खरं प्रमोशन आहे. ती काढून घ्यायची तर नोटीस, म्हणणं ऐकणं, लेखी आदेश, हे सगळं लागतं, कुणी ऑफिसात तोंडानं ‘मानत नाही’ म्हटल्यानं काही होत नाही. वाद होतो तो ज्येष्ठतेचा, म्हणजे रांग सोडून वर गेलेला माणूस पुढच्या प्रमोशनला कोणत्या तारखेनं मोजायचा. त्यासाठी मूळ आदेश काढा, त्यात पदोन्नती नियमित म्हटली आहे का तात्पुरती, ज्येष्ठतेबद्दल काही अट घातली आहे का ते बघा. जाहीर झालेल्या शेवटच्या अंतिम यादीत त्यांचं नाव कुठं आहे हेही बघा, कारण वर्षानुवर्षं न हललेली यादी कोर्ट सहसा हलवत नाही. कार्यालयातल्या लोकांना हरकत घ्यायची होती तर ती तेव्हाच घ्यायला हवी होती, आता चहाच्या टपरीवर घेऊन उपयोग नाही.

कपातीचं सांगतो. पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह, डिसेंबर २०१४. कर्मचाऱ्याची लबाडी नसताना खात्याच्या चुकीनं जास्त पैसे गेले असतील तर क आणि ड वर्गाच्या माणसाकडून, निवृत्त झालेल्याकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्याकडून, किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त काळ दिलेले पैसे, वसूल करता येत नाहीत. शिपाई ते एएसआय क वर्गातच येतात. फक्त एक बघा, जास्तीची रक्कम परत करीन असं हमीपत्र मालकांनी सही करून दिलंय का. वेतननिश्चितीच्या वेळी असे कागद पुढं ठेवतात आणि माणूस न वाचता सही करतो. ते असलं तर केस अवघड होते, विशेषतः अधिकारी वर्गात. कपात सुरू झाली तर पहिल्याच पगारपत्रकाची प्रत घेऊन या.

प्रश्न : आईची तब्येत बरी नसते म्हणून स्वतः विनंती करून जिल्हा बदलून घेतला. आता माझ्या बॅचचे हवालदार झाले, मी मागंच. जुनी सेवा धरत नाहीत का? (एक शिपाई)

उत्तर : सेवा धरतात, ज्येष्ठता नाही. पेन्शनला, आश्वासित प्रगतीला (प्रमोशन नसलं तरी ठरावीक वर्षांनी वरचा पगार) जुनी वर्षं मोजली जातात. सातव्या वेतन आयोगात १०, २०, ३० वर्षांचे लाभ आहेत, २ मार्च २०१९ चा जीआर, ते मागून घ्या. पण अंमलदारांची ज्येष्ठता घटकनिहाय, म्हणजे जिल्हा किंवा आयुक्तालयानुसार, असते आणि विनंती बदलीवर नव्या घटकात शेवटी बसावं लागतं, बदलीच्या वेळी तसं लिहूनही घेतात. यात कोर्टात जाऊ नका, पैसे जातील.

प्रश्न : मी थेट एमपीएससीतून पीएसआय. आमची जाहिरात आधीची, पण आम्ही रुजू व्हायच्या आत खात्यातले प्रमोट झाले अन् ते सीनियर झाले. जागा तर आमच्या कोट्यातल्या जुन्या होत्या. (एक फौजदार)

उत्तर : फौजदारसाहेब, तुमचीच केस मणिपूरच्या पोलिसांनी लढून झाली आहे. के. मेघचंद्र सिंग विरुद्ध निंगम सिरो, १९ नोव्हेंबर २०१९, मणिपूर पोलीस सेवा. तिथं प्रमोशनवाले २००७ च्या मार्चमधे लागले, थेटवाले त्याच वर्षी ऑगस्ट आणि नोव्हेंबरमधे, थेटवाले म्हणत होते आमची जागा आधीच्या वर्षातली. कोर्ट म्हणालं जो माणूस अजून सेवेत जन्मलाच नाही त्याला मागची ज्येष्ठता देता येत नाही. त्याआधीचा २०१२ चा एन. आर. परमार निकाल थेटवाल्यांच्या बाजूचा होता, तो यात रद्द केला, मात्र पुढच्यासाठी, त्यावर आधीच ठरलेल्या ज्येष्ठतेला हात लावला नाही. २०२२ मधे दुसऱ्या पीठानं मेघचंद्रवर शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे पाठवला, म्हणून तुमचे बॅचमेट अजून आशेवर आहेत. आपल्या राज्यात तसंही १९८२ च्या ज्येष्ठता नियमांपासून सलग सेवेची तारीख हाच पाया धरतात. प्रमोशनवाल्यांना त्यांच्या कोट्याच्या बाहेर, थेटवाल्यांच्या जागांवर बसवलं असेल तरच बोला, तेव्हा १९९० चा थेट भरती अभियंता संघटनेचा महाराष्ट्राचाच निकाल काढा.

प्रश्न : मी तीन वर्षांपूर्वी एएसआय म्हणून रिटायर झालो. माझ्याहून जूनियर माणूस मॅटमधून केस जिंकून पीएसआयची मानीव तारीख (मागच्या तारखेपासून प्रमोशन धरणं) घेऊन आला. मी सारखे अर्ज करतो, एकाचंही उत्तर नाही. त्याले भेटलं त मले कायले नाई? पेन्शनमधे फरक पडते राजेहो. (एक निवृत्त काकाजी)

उत्तर : काकाजी, तुमच्यासारखी पत्रं सगळ्यात जास्त आहेत आणि उत्तर सगळ्यात कडू आहे. एकाला मिळालं तर तशाच दुसऱ्याला मिळायला पाहिजे, हे तत्त्व आहे. पण उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध अरविंद कुमार श्रीवास्तव, २०१४, मधे कोर्टानं त्याला कुंपण घातलं, जो कुंपणावर बसून दुसऱ्याच्या निकालाची वाट पाहत होता त्याला हा फायदा नाही. सगळ्यांसाठी दिलेला निकाल असेल तर वेगळं. म्हणून त्या जूनियरच्या आदेशाची प्रत मिळवा आणि शेवटचा परिच्छेद वाचा, ‘समान परिस्थितीतील सर्वांना’ असं काही आहे का.

अर्जांचं म्हणाल तर, प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा १९८५ चं कलम २१, अंतिम आदेशापासून एक वर्ष. खात्यात अर्ज केला आणि उत्तर नाही आलं तर सहा महिने थांबायचं आणि तिथून पुढं एक वर्ष. दुसरा, तिसरा, दहावा अर्ज केला म्हणून घड्याळ परत शून्यावर येत नाही, सी. जेकब केसमधे २००८ ला हे नेमकं सांगितलंय. प्रमोशनच्या बाबतीत तर १९७४ च्या सदाशिवस्वामी निकालापासून कोर्ट म्हणतंय, जूनियर वर गेला तर सहा महिन्यांत, फार तर वर्षात या. उशीर माफ करता येतो, आजारपण, हॉस्पिटलचे कागद असं काही ठोस असलं तर, ‘साहेब करतो म्हणाले’ हे कारण चालत नाही.

आणि तुमचा जूनियर नोकरीत असताना लढला, तुम्ही आता लढणार. नोव्हेंबर २०२४ मधे पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध डॉ. अमल सत्पथी या केसमधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रमोशनचा आदेश निघायच्या आधी निवृत्त झालेल्याला मागच्या तारखेनं प्रमोशन देता येत नाही, पदाचा कार्यभारच घेतला नाही तर कसं देणार. तिथल्या माणसाची शिफारस झालेली होती तरी मिळालं नाही. तुमच्यात एकच फट दिसते, जूनियरला प्रमोशन दिलं त्या तारखेला तुम्ही नोकरीत होता आणि तुमचा विचारच केला नाही, म्हणजे कमिटीसमोर नावच ठेवलं नाही, असं असेल तर ती तक्रार खरी आहे. त्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. नाव ठेवून नाकारलं असेल तर प्रतिकूल गोपनीय अहवाल तुम्हाला कळवला होता का ते बघा, २००८ च्या देवदत्त निकालापासून प्रत्येक शेरा कळवणं बंधनकारक आहे. यातलं काहीच निघालं नाही तर काकाजी, पेन्शन घ्या आणि शेगावला जाऊन या, वकिलाला देऊ नका. माझ्या धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण खरं आहे.

प्रश्न : सरळ हायकोर्टात जाता येते का? अन् वकील केला नाई त चालते का, आमी चौघं मिळून जाणार हाओ. (दुसऱ्या प्रश्नवाल्या शिपायाचेच साथीदार दिसतात)

उत्तर : सरळ नाही. राज्य सेवेतल्या माणसानं आधी मॅट, विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांना नागपूरचं खंडपीठ, आणि मॅटचा निकाल पटला नाही तर हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींसमोर, १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासून हाच रस्ता आहे. तुमच्यातले कुणी आयपीएस झाले तर मात्र कॅट, म्हणजे केंद्राचं न्यायाधिकरण. वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं, कायद्यातच तशी मुभा आहे, पण स्थगिती मागायची असेल तर पहिल्या दिवशी दहा मिनिटांत सगळं सांगावं लागतं, तिथं नवखा माणूस गडबडतो. चौघांचा प्रश्न आणि मागणी एकच असेल तर एकत्र अर्जाची परवानगी मागा, खर्च वाटला जातो.

आणि हे विसरू नका, तुम्ही जिंकल्यावर ज्यांची निवड जाणार आहे त्यांना अर्जात पार्टी करावंच लागतं. १९८४ च्या प्रबोध वर्मा केसमधे कोर्टानं सांगितलंय की ज्यांना फटका बसणार त्यांना न ऐकता निकाल देता येत नाही, फार जण असतील तर निदान काहींना प्रातिनिधिक म्हणून तरी घ्या. लोक इथंच कचरतात, मित्र आहे, एकाच ठाण्यात ड्युटी आहे, त्याचं नाव कसं टाकू. त्याला आधी फोन करा, सांगा की नाव टाकतोय, मग टाका. नोटीस बेलिफाच्या हातून पहिल्यांदा कळली तर तो बोलणं बंद करतो, आणि पुढं पोळ्याच्या बंदोबस्ताला दोघांची ड्युटी एकाच चौकात लागलेली असते.